दोन सूर कमी

गेल्या महिन्यात माझ्या मित्राचा फोन आला तो शिव्या देतच. "गाणं स्लो केलंय बे ह्या लोकांनी! नवीन काहीतरी करून विकायचं म्हणून चांगलं गाणं बिघडवून ठेवलंय." कुठलं गाणं, हे मला विचारावं लागलं नाही. विचारावं लागलं नाही म्हणूनच घाबरलो.

झालं होतं असं. त्याच्या पुण्यातल्या मुलीनं त्याला एक छोटा स्पीकर पाठवला आणि मोबाइलवर गाण्यांचं ॲप घालून दिलं. तीस-बत्तीस वर्षांत त्यानं आमच्या कॉलेजातल्या बँडांपैकी एकही ऐकला नव्हता. आता ऐकायला बसला, आणि ऐकता ऐकता एका इंटरनेटच्या ग्रुपात शिरला. तिथं जगभरचे रिकामटेकडे एकच वाद घालत बसलेले असतात : प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये सगळ्यांत तयारीचे वादक कुठल्या बँडचे? आम्ही दोघांनी गच्चीवर तीन वर्षं जो वाद घातला, तोच. याला राहवलं नाही. त्यानं आपल्या इंग्रजीत लिहिलं की आज तुम्ही जे ऐकता ते मूळ गाणं नव्हेच, मूळ याहून फास्ट आहे, मी ते सहा महिने वाजवलेलं आहे, माझ्याकडे टेप आहे. मग काय, लोकांनी त्याची यथेच्छ टर उडवली. कुणी हसणारी तोंडं टाकली, कुणी म्हणालं, टेप दाखव.

"दाखवतोच," तो फोनवर म्हणाला. "माळ्यावर हाय ती कॅसेट. रविवारी ये. दोन्ही शेजारी लावून व्हिडिओ करतो आणि टाकतो. तू साक्षीदार."

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. त्याच्या टेपचं काय बिघडलंय हे अख्ख्या सोलापुरात एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस मी होतो.

आमच्या वादाची हकीकत सांगायची तर आधी ते संगीत काय होतं ते सांगायला हवं. गाणं वीस-वीस मिनिटांचं. मध्येच चाल बदलणार, मध्येच गायक गप्प बसणार आणि वाजवणारे एकमेकांच्या अंगावर धावून जाणार. ताल कधी सातात, कधी अकरात. आमच्या वर्गात बाकी कुणाला ते सहन होत नसे. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेल्या एका ओळखीच्याकडून कॅसेटी भरून यायच्या. वर फोटो नाही, माहिती नाही, नुसतं पेनानं लिहिलेलं नाव, तेही चुकलेलं. त्यामुळं आम्ही बँडांना आपलीच नावं ठेवली होती. तिघांचा एक बँड होता, तो 'तिघे'. पाच जणांचा होता, तो 'पाच'. मी तिघांचा, मित्र पाचांचा. तीन माणसांनी पाचांचं काम करायचं म्हणजे त्यांची तयारी जास्त, हा माझा मुद्दा. त्याचा मुद्दा असा की पाच जणांनी एकमेकांच्या पायात न येता वाजवणं जास्त अवघड.

त्याचा मुद्दा चांगला होता, हे मी आज कबूल करतो. तेव्हा केलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं.

मित्राचं घर पूर्वभागात, विणकरांच्या वस्तीत, एका कारखान्यावर. खाली टॉवेल-चादरींचे आठ माग, वर दोन खोल्या, त्याच्यावर गच्ची. घरात तेलुगू, बाहेर मराठी. त्याचे वडील खालच्याच कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे मागांचा मिस्त्री. माग बिघडला की दुरुस्त करायचा तो. मित्र त्यांना नायना म्हणायचा, मी मामा. खाली माग चालू असताना दोन माणसांना शेजारी उभं राहून बोलता येत नसे, सगळं हातवाऱ्यांवर. पण मामा नुसते दारात उभे राहायचे, डोळे बारीक करायचे आणि चार बोटं दाखवायचे. चौथ्या मागाचा, आडवा धागा नेणारा धोटा नीट बसत नाही. जाऊन बघावं तर खरंच असायचं. त्या खटखटाटात त्यांना एका मागाची चूक ऐकू यायची. मला तेव्हा यात काही विशेष वाटलं नाही. तयारीचे वादक आम्ही सातासमुद्रापार शोधत होतो.

मित्रालाही तो कान आला होता. सातातला ताल मी बोटांवर मोजायचो आणि पाचाला अडखळायचो. तो मोजायचाच नाही. म्हणायचा, दोन माग शेजारी चालू असले की एक जरा पुढं जातो, एक मागं राहतो, आणि काही फेऱ्यांनी दोघं पुन्हा एकत्र खटका देतात. "तेवढं धरून ठेवायचं की. मोजायचं कशाला?" त्यानं एक जुनी गिटार मिळवली होती आणि कुणी न शिकवता, नुसतं कॅसेटीवरून तो वाजवायला शिकत होता. चांगलं वाजवायचा. किती चांगलं, हे ठरवणारं मात्र सोलापुरात त्याला कुणी भेटलं नाही. मी होतो, आणि मला वादात जिंकायचं होतं.

वादाचे मुद्दे आम्ही जकार्डच्या जुन्या पुठ्ठ्यांवर लिहायचो. चादरीवरची नक्षी ज्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून मागाला कळते, ते पुठ्ठे. फाटले की कारखान्याबाहेर ढिगानं पडलेले असायचे. ड्रम : तिघे. कीबोर्ड : पाच. बास : भांडण. मधली भोकं चुकवून लिहावं लागायचं. एकदा गिटारची पाळी आली आणि तो सहज म्हणाला, "तुझा गिटारवाला बरा हाय. पण मला येईल तसं."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, वाजवून दाखव. तो म्हणाला, सहा महिन्यांत दाखवतो, मला तेवढी कॅसेट भरून दे. नाही जमलं तर पुठ्ठ्यावर लिहून देतो की तिघे पहिले.

कॅसेट माझी होती, त्यानं ती आमच्या घरी दोन-तीनदा ऐकली होती इतकंच. मी शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर मागून आणला, आमच्या टू-इन-वनला वायरीनं जोडला आणि भरायला बसलो. आमचं यंत्र मध्यंतरी रडत चालायचं तेव्हा रेडिओवाल्यानं ते माझ्यासमोर उघडलं होतं. मोटरच्या पाठीत एक बारीक भोक असतं, आत स्क्रू. एका बाजूला फिरवला की टेप हळू, दुसऱ्या बाजूला फिरवला की जलद. मी तो जरासा फिरवला. जरासाच. कुणाला कळू नये इतका, आणि कुणाला जमू नये इतका. मग फास्ट चाललेलं ते गाणं दुसऱ्या कॅसेटीवर भरलं, स्क्रू होता तिथं आणून ठेवला आणि मूळ कॅसेट ट्रंकेत टाकली. हे सगळं करताना मला लाज वाटली का? नाही. आपण हुशार आहोत असं वाटलं.

कॅसेट ऐकून मित्र म्हणाला, "तुझ्या घरी एवढं फास्ट वाटलं नव्हतं बे."

"तुझ्या टेपचं हेड साफ आहे, त्यामुळं नीट ऐकू येतंय," मी म्हणालो. त्यानं ते मानलं. माझ्यावर संशय घ्यायचं त्याला काही कारण नव्हतं.

तो बसला. कॉलेजवरून आला की गच्चीवर, सुट्टीच्या दिवशी सकाळपासून गच्चीवर. गिटार लावायला दुसरं काही साधन नव्हतं, म्हणून तो ती त्या कॅसेटीला जुळवून लावायचा. टेप पळायची तसे सूरही वर चढलेले, त्यामुळं तारा ताणाव्या लागायच्या. बारीक तार आठवड्याआड तुटायची. नवी पेठेतला दुकानदार त्याला म्हणाला होता, तू वाजवतोस का तारा खातोस. बोटांना भेगा पडल्या. मी बघत होतो. दर वेळी वाटायचं, आज सांगून टाकावं, आणि दर वेळी तो मला काहीतरी चिडवायचा आणि मी गप्प बसायचो.

एका सुट्टीच्या सकाळी मामा वर आले. केसांत सुताचा कापूस तसाच. कठड्याला टेकून त्यांनी सगळं गाणं ऐकलं. इंग्रजीचा एक शब्द त्यांना येत नव्हता. गाणं संपल्यावर म्हणाले, "ह्यो गाणारा दम कुटं घेतोय?"

आम्हाला कळेना.

"दोन ओळींच्या मधी माणसाला दम घ्यायला जागा लागती की. हितं जागाच न्हाय. टेप पळतीया तुमची." मग त्यांनी गिटारवर लोंबणारी तुटकी तार दोन बोटांत धरली. "आणि हिला ताण लई हाय. ताण्याला एवढा ताण दिला तर दिवसभर धागेच जोडत बसावं लागंल."

इतक्या दिवसांत कुणाला कळलं नाही ते या माणसानं एकदा ऐकून सांगितलं होतं, तेही दोन्ही बाजूंनी, गाणाऱ्याच्या दमावरून आणि तारेच्या ताणावरून. पकडला गेलेला माणूस काय करतो? मी मोठ्यांदा हसलो. "मामा, हे टॉवेल नव्हेत, रॉक आहे!" मित्रही हसला. वडिलांना हसला. मामा आमच्याकडे बघून जरासे हसले, "असंल बाबा," म्हणाले आणि खाली गेले. जिन्यातली त्यांची पाठ मला आजही दिसते.

सहा महिने भरले तेव्हा त्यानं वाजवून दाखवलं. गिटारचा सगळ्यांत अवघड तुकडा सुरू झाला. मित्र टेपच्या बरोबर होता, अगदी शेवटपर्यंत बरोबर होता, आणि शेवटाला टेप पुढं निघून गेली. त्याचे दोन सूर वाजायचे राहिले. पुन्हा लावलं. पुन्हा दोन. तिसऱ्यांदाही दोन. त्यानं टेप बंद केली आणि बराच वेळ डावा हात झटकत बसला.

"दोन सूर कमी पडतात बे," तो म्हणाला. "तुझा गिटारवाला खरंच मोठा हाय. आपल्याच्यानं न्हाय होत."

मग पुठ्ठा घेतला आणि शब्दाला जागून लिहून दिलं : तिघे पहिले. खाली सही. गिटार त्यानं खोलीतल्या खुंटीला अडकवली ती पुन्हा काढली नाही. पुढच्या वर्षी तो वडिलांबरोबर मागावर उभा राहिला, पुढं स्वतःचे चार माग टाकले, टॉवेल काढले, लग्न झालं, मुलगी झाली. मी नोकरीला लागलो. आमची मैत्री तशीच राहिली. दर रविवारी चहा, राजकारण, पाणी चार दिवसांनी येतं की पाच. संगीतावर मात्र आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

स्वतःची समजूत घालण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यानं गिटार सोडलीच असती, घर चालवायचं होतं. सोलापुरात असलं संगीत वाजवून कुणाचं भलं झालंय? हे सगळं खरं असेल. पण लोक जेव्हा जेव्हा म्हणतात, अमक्याच्या हातात कला होती पण त्यानं सोडली, तेव्हा मला हमखास विचारावंसं वाटतं की सोडली की कुणी सोडायला लावली. आणि मी तो प्रश्न कुणाला विचारत नाही.

रविवारी गेलो. माग आता खाली नाहीत, तिथं गोडाऊन आहे. वरच्या खोलीत मित्रानं टेबल मांडून ठेवलं होतं : कुणाकडून तरी आणलेला टेपरेकॉर्डर, कापसानं पुसलेली ती कॅसेट, शेजारी मोबाइल आणि स्पीकर. खिडकीपाशी खुर्चीत मामा. पंच्याऐंशीच्या पुढं गेलेत. मागांनी त्यांचे कान खाल्ले. आता कानाशी ओरडलं तरच पोचतं. मुलीनं आणलेलं कानातलं मशीन सदऱ्याच्या खिशात असतं, कारण घातलं की त्यांना नुसती खरखर ऐकू येते म्हणतात.

मित्रानं आधी मोबाइलवरचं लावलं, मग टेप. फरक कुणालाही कळला असता. "बघ!" त्याचा चेहरा उजळला. "हाय का न्हाय? आता टाकतो व्हिडिओ. बसू दे सगळ्यांना बोंबलत."

"टाकू नकोस," मी म्हणालो.

"का?"

मग मी सांगितलं. स्क्रू, भोक, शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर, सगळं. तोंड खाली घालून आणि अगदी हळू सांगितलं. टेप चालूच होती. मित्रानं हात लांब करून ती बंद केली.

"काय म्हणतोय?" खुर्चीतून मामांनी विचारलं. मग पुन्हा, "अरे काय म्हणतोय त्यो?"

माझ्याकडे इलाज नव्हता. मी उठलो, त्यांच्या कानाशी वाकलो आणि ओरडलो, "मामा, टेप मी फास्ट केली होती! तुमी म्हणला ते बरोबर होतं! टेप पळत होती!" स्वयंपाकघरातून वहिनी हातातलं काम टाकून बाहेर आल्या. खालच्या गोडाऊनमधल्या माणसानं वर बघितलं. इतकी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट मी अख्ख्या गल्लीला ऐकवली.

मामांनी विचार केला. "मी म्हणलो होतो? कदी?" त्यांना काहीच आठवत नव्हतं. आमचं हसणं नाही, ती तार नाही, काही नाही. मला माफी मागायचीही सोय राहिली नाही.

मित्रानं मोबाइल उचलला आणि एकेक अक्षर शोधत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, माझ्याबद्दल लिहितोय, आणि लिहावंच त्यानं. लिहून झाल्यावर त्यानं मोबाइल माझ्यासमोर धरला. इंग्रजीत एवढंच होतं : चूक माझी. टेप खराब होती. मी काहीतरी बोलायला गेलो तर त्यानं हातानंच थांबवलं.

मग त्यानं मोबाइलवरचं गाणं पुन्हा लावलं, मूळ गतीचं. तुकडा जवळ आला तसा त्याचा डावा हात टेबलाच्या कडेवर गेला. तार नव्हती, गिटार नव्हती, पण बोटं जागच्या जागी पडायला लागली. जाड झालेली, सुतानं खरबरीत झालेली बोटं. मी मोजत नव्हतो, धरून ठेवलं होतं फक्त. गाणं तुकड्याच्या शेवटाला आलं आणि त्याचं बोट शेवटच्या सुरावर त्याच्याबरोबरच टेकलं. एकही राहिला नाही.

त्यानं पुन्हा लावलं. पुन्हा टेकलं.

त्यानं त्या बोटाकडे बघितलं. मग खुर्ची ओढून वडिलांजवळ गेला आणि त्यांच्या कानात, तेलुगूत, मला आजवर ऐकू आला नव्हता अशा आवाजात ओरडला. नायना, मी पोचलो होतो. मी तेव्हाच पोचलो होतो!

मामांनी हात कानामागं धरला.

"एक्कडिकि?" त्यांनी विचारलं. कुठं? एवढं तेलुगू मलाही येतं. मित्रानं डाव्या हाताचं ते बोट त्यांच्या तळहातावर टेकवलं.